वस्तुसंग्रहालय कसे पाहावे?



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो कशावर बोलणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. महागाई भत्ता, कंत्राटी कामगारांची परवड, नाहीतर कामगार कायदे. यंदा चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली आणि मी हा विषय कळवला, तेव्हा त्यांना थोडे नवल वाटले असावे. परंतु हा विषय माझ्या कामापासून दूरचा नाही. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, असल्याच व्याख्यानांच्या मांडवात आणि वस्तुसंग्रहालयांच्या दालनांत. या तिन्ही ठिकाणी दाखला मागत नाहीत, गुणपत्रिका पाहत नाहीत. त्यांतही संग्रहालयाची गोष्ट निराळी. तिथे निरक्षर माणूस विद्वानाच्या शेजारी उभा राहून तीच वस्तू पाहू शकतो, आणि कधी कधी विद्वानाला न दिसलेले त्याला दिसते. ते कसे, हे पुढे सांगणार आहे.

तथापि आपण संग्रहालय पाहतो कसे? उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण पुण्या-मुंबईकडे जातो. सकाळी देवदर्शन, मग बाग, मग खरेदी, आणि जेवणाच्या आधी तासभर उरला तर 'ते म्युझियम उरकून टाकू' असे ठरते. 'उरकणे' हाच शब्द आपण वापरतो. मग एका दालनातून दुसऱ्या दालनात, मुलांना 'हात लावू नको' एवढेच सांगत, आपण चालत सुटतो. बाहेर आल्यावर कोणी विचारले, 'काय पाहिलेत?' तर उत्तर येते, 'खूप जुन्या जुन्या वस्तू होत्या.' तिकिटाचे पैसे देऊन आणि पाय दुखवून घेऊन एवढेच हाती लागत असेल, तर हा व्यवहार तोट्याचा आहे.

याचे एक कारण जुन्या नावातच आहे. आपले वाडवडील संग्रहालयाला 'अजबखाना' म्हणत. कलकत्त्याचे संग्रहालय १८१४ साली स्थापन झाले. लोक त्याला 'जादूघर' म्हणू लागले आणि अजून म्हणतात. नावे गोड आहेत, पण ती आपल्याला चुकीच्या वाटेने नेतात. वस्तू अजब म्हणून पाहिली की तोंडाचा आ होतो आणि प्रश्न तिथेच संपतो. वस्तू कोणीतरी केलेली म्हणून पाहिली की प्रश्न सुरू होतो. आजच्या माझ्या सांगण्याचा गाभा एवढाच आहे: संग्रहालयात थोड्या वस्तू पाहा, आणि प्रत्येक वस्तूमागचा हात शोधा.

घाईघाईने संग्रहालय पाहण्याचे दुःख नवे नाही. इंग्लंडातल्या डर्बी गावी १७२१च्या सुमारास रेशमाची मोठी गिरणी उभी राहिली. त्या गिरणीत १७३० साली विल्यम हटन नावाचा सात वर्षांचा मुलगा कामाला लागला. यंत्रापर्यंत त्याचा हात पोहोचेना, म्हणून त्याच्या पायांना उंच लाकडी खडावा बांधल्या होत्या. सात वर्षे त्याने तिथे उमेदवारी केली. पुढे हा मुलगा स्वतःच्या बळावर शिकला, पुस्तके बांधू लागला, विकू लागला, आणि बर्मिंगहॅम शहराचा इतिहासकार झाला. १७८४ साली तो मोठ्या हौसेने लंडनचे ब्रिटिश म्युझियम पाहायला गेला. त्या काळी तिथे सरळ आत शिरता येत नसे. आधी परवाना मिळवावा लागे. हटनने दुसऱ्याकडचा परवाना जवळजवळ दोन शिलिंग देऊन विकत घेतला. दहाएक माणसांच्या घोळक्यात त्याला आत नेले. वाट दाखवणारा पुढे धावतो आहे, प्रश्न विचारला तर खेकसतो आहे, आणि अर्ध्या तासात सारी मंडळी पुन्हा रस्त्यावर! हटनने ही तक्रार आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली आहे. त्याला माहितगार हवा होता, आणि मिळाला धावता शिपाई.

आज परवान्याची अट नाही, आपल्यामागे कोणी धावत नाही. तरी आपण अर्ध्या तासातच बाहेर येतो. हटनला दुसऱ्याने पळवले. आपण आपल्यालाच पळवतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एक पाहणी झाली, ती २००१ साली प्रसिद्ध झाली. सहा नामांकित चित्रांसमोर लोक किती वेळ थांबतात, याची गुपचूप नोंद केली. सरासरी सत्तावीस सेकंद निघाली; आणि निम्मे लोक सतरा सेकंदांच्या आतच पुढे सरकले. चहाचा कप हातात घेऊन फुंकर मारायला आपल्याला याहून अधिक वेळ लागतो.

दुसरे कारण थकवा. कारखान्यात थकव्याचा विचार करण्याची मला सवय आहे, म्हणून या बाबतीतली एक जुनी गोष्ट मला फार आवडते. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली 'संग्रहालयाचा थकवा' या विषयावर एक लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला काही ठरावीक गोष्टी पाहायला सांगितल्या आणि त्या पाहताना त्याची छायाचित्रे घेतली. कुठे तो कंबरेतून वाकला आहे, कुठे गुडघ्यावर बसला आहे, कुठे मान ताणून वर बघतो आहे. गिलमन यांचा निष्कर्ष असा की, दोष पाहणाराचा नाही. कपाटे आणि पाट्या चुकीच्या जागी असल्यामुळे त्याचे शरीर शिणते आणि लक्ष उडते. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाची पाठ का दुखते, याचे उत्तर यंत्राच्या उंचीत शोधावे लागते, तसेच हे आहे. तेव्हा संग्रहालयात कंटाळा आला म्हणून 'आपल्याला यातले काही कळत नाही' असे मनाशी म्हणू नका. आपण अडाणी नसता. आपण थकलेले असता. बाकावर बसा, पाणी प्या, मग पुढे चला.

यावरून पहिला नियम निघतो: कमी पाहा. उदाहरण म्हणून पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय घेऊ. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६चा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांना वस्तू गोळा करण्याचा नाद लागला, आणि १९९० साली ते गेले तोवर तो सुटला नाही. पत्नी कमलाबाईंची साथ होती. राजा हा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहात वीस हजारांच्या वर वस्तू आहेत आणि त्यांतला लहानसा भागच एका वेळी मांडलेला असतो. तरी तेवढ्याही वस्तूंना प्रत्येकी एक मिनिट द्यायचे म्हटले, तर कित्येक दिवस मुक्काम करावा लागेल. म्हणून तो हट्टच सोडावा. आधी अर्धा तास सहज फेरी मारावी, थांबू नये. त्या फेरीत ज्या पाच-सहा वस्तूंनी आपल्याला ओढले, त्या मनात ठेवाव्यात. मग बाकावर दहा मिनिटे बसावे, आणि परत जाऊन त्या पाच-सहा वस्तूच नीट पाहाव्यात. प्रत्येकीला दहा मिनिटे. मस्तानी महालापाशी गर्दी असेल, असू द्या. आपल्याला एखादा अडकित्ता आवडला असेल, तर अडकित्त्यापाशी उभे राहावे. कोणी हसत नाही.

केळकरांनी राजांचे मुकुट जमवण्याचा ध्यास घेतला नाही. त्यांनी जमवले दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, वज्री, वाद्ये, भांडी, वाड्यांची दारे. म्हणजे रोजच्या संसारातल्या वस्तू. म्हणूनच पाहायला शिकण्यासाठी हे संग्रहालय मला सर्वांत सोयीचे वाटते. ताम्रपट वाचायला लिपी यावी लागते. अडकित्ता वाचायला सुपारी फोडलेली असली की पुरते.

दुसरा नियम: प्रत्येक वस्तूला चार प्रश्न विचारा. ही कशाची आहे? ही कशी केली? ही कोणी वापरली? आणि ही इथे कशी आली? हे चार प्रश्न लहान मुलालाही पाठ होतात.

अडकित्ताच घ्या. कशाचा आहे? बारकाईने पाहिले तर पुष्कळ अडकित्त्यांत दोन धातू दिसतात. अंग पितळेचे, पाते लोखंडाचे किंवा पोलादाचे. असे का? पितळेला हवा तो आकार देता येतो, मोर करा, घोडा करा, जोडपे करा. पण पितळेची धार सुपारीपुढे टिकत नाही. शोभेचे काम एका धातूने केले, कष्टाचे दुसऱ्याने. आता तो चालतो कसा? खीळ एका टोकाला आहे, आपला हात दुसऱ्या टोकाला, आणि सुपारी खिळीच्या अगदी जवळ. हात खिळीपासून सुपारीच्या पाचपट अंतरावर असेल, तर सुपारीवर पाचपट जोर पडतो. हाच तरफेचा नियम. ज्या कारागिराने अडकित्ता घडवला त्याने पदार्थविज्ञानाचे पुस्तक वाचले नव्हते, पण सुपारी खिळीकडे सरकवावी लागते हे त्याला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला पक्के ठाऊक होते.

तांब्याच्या हंड्यावर किंवा घंगाळावर बारीक बारीक गोल ठसे दिसतात. ती नुसती नक्षी नव्हे. तांब्याचा पत्रा हातोडीने ठोकत गेले की तो कडक होतो. आणखी ठोकला तर तडकतो. म्हणून तांबट मधूनमधून भांडे भट्टीत लाल करतो. त्याने तांबे पुन्हा मऊ होते, आणि ठोकणे पुन्हा सुरू. आकार पुरा झाला की शेवटी भांडे मठारतात, म्हणजे ठोक्याला ठोका लावून सारा पृष्ठभाग भरून काढतात. त्याने पातळ पत्र्यालाही ताठपणा येतो आणि भांडे सहजी चेपत नाही. म्हणजे तो प्रत्येक गोल ठसा हा एका माणसाच्या हाताचा एक घाव आहे. वीतभर जागेतले ठसे मोजून पाहा आणि सबंध हंड्याचा अंदाज करा. किती वेळा तो हात उचलला गेला असेल, हे आपोआप ध्यानात येईल. आणि भांड्याच्या आत डोकावले तर कल्हईचा पांढरा अंश दिसू शकतो. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ लेप. तो दिला नाही तर आंबट पदार्थ तांब्याला कळकतो. एका हंड्यामागे असे तांबट आणि कल्हईवाला हे दोघेजण उभे असतात. खाणीतून तांबे काढणारे आणखी निराळेच.

विद्वानाला न दिसलेले कष्टकऱ्याला दिसते, असे मी आरंभी म्हटले, त्याचा दाखला आता देतो. आमच्या संघटनेचे आठ-दहा सभासद सुट्टीच्या दिवशी याच संग्रहालयात गेले होते, मी बरोबर होतो. त्यांत फाउंड्रीत साचे करणारे एक गृहस्थ होते. पितळेच्या एका टांगत्या दिव्यापुढे ते वाकून, तिरके होऊन, खालून बघत बराच वेळ उभे राहिले. मी विचारले, 'काय शोधता?' ते म्हणाले, 'भाऊ, हा दोन पेट्यांत ओतलेला नाही. दोन पेट्या जुळवून ओतला असता तर जोडाची रेघ आली असती. वरवरची रेघ कानशीने काढता येते, पण या सोंडेच्या आतल्या बाजूला कानस जाणारच नाही, आणि तिथेही रेघ नाही.' मग त्यांनीच उलगडा केला. आधी मेणाचा दिवा घडवायचा, त्यावर माती लिंपायची, भाजून मेण वितळवून बाहेर काढायचे, आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. साचा एकसंध, म्हणून जोड नाही. आणि दिवा बाहेर काढताना साचा फोडावाच लागतो, म्हणून तंतोतंत तसा दुसरा दिवा नाही. पाटीवर यांतले काही नव्हते. हे गृहस्थ आत शिरताना म्हणत होते, 'आम्हांला काय कळणार त्यातले?' बाहेर पडताना बाकीचे सारे त्यांच्याभोवती होते. आपापल्या धंद्याचे ज्ञान घेऊन संग्रहालयात शिरा. शिंप्याने वस्त्रांची शिवण पाहावी, सुताराने दारांचे सांधे पाहावेत, गृहिणीने चुलीजवळच्या वस्तू पाहाव्यात. तिथे आपण परके नाही.

तिसरा प्रश्न, वापरणाऱ्याचा. केळकर संग्रहालयातल्या वज्री पाहा. वज्री म्हणजे टाचा घासण्याचे साधन. तळाला खरखरीत, वर पक्षी किंवा प्राणी, आणि काहींच्या पोटात खुळखुळणारे खडे. स्नानाच्या वेळी टाच घासताना मंजूळ आवाज यावा, ही त्यातली रसिकता. ती पाहून मन प्रसन्न होते, आणि व्हावे. पण मग विचारावे की, अशी वज्री कोणत्या घरात असेल? आणि जिच्या टाचांना खरोखर भेगा पडलेल्या असत, ती शेतातली अनवाणी बाई टाच कशाने घाशी? बहुधा नदीवरच्या दगडाने. तो दगड संग्रहालयात आलेला नाही. जे जपून ठेवण्याजोगे वाटले तेच आपल्यापर्यंत आले. जे झिजून गेले ते आले नाही. संग्रहालयात जे नाही तेही अशा रीतीने पाहायला शिकले पाहिजे.

कधी कधी मात्र काळाच्या तडाख्यातून कष्टकऱ्याचा कागदही वाचतो, मग तो दगडावरचा का असेना. इजिप्तमध्ये राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांची एक वस्ती होती. आज त्या जागेला देर-एल-मदीना म्हणतात. तिथली चुनखडीची एक मोठी चीप ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हटनला ज्यांनी अर्ध्या तासात बाहेर काढले तेच हे संग्रहालय. दुरून पाहिले तर ती नुसती फुटकी फरशी वाटते. ती आहे हजेरीपट! रामसेस दुसरा या राजाच्या चाळिसाव्या वर्षाचा, म्हणजे सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा. चाळीस कामगारांची नावे, गैरहजेरीचे दिवस आणि वर बारीक अक्षरांत कारणे. कोणी आजारी, कोणाचे डोळे आलेले, कोणाला विंचू चावलेला, कोणी घरी बिअर गाळण्यात गुंतलेला, कोणी आईच्या अंत्यविधीला गेलेला. त्याच वस्तीतल्या कामगारांनी पुढे रामसेस तिसरा याच्या एकोणतिसाव्या वर्षी, धान्याचा शिधा थकला म्हणून, हत्यारे खाली ठेवली. त्या संपाची हकीकत लिहिलेला पपायरस इटलीत तूरिनच्या संग्रहालयात आहे. लेखी पुरावा असलेला जगातला हा सर्वांत जुना संप मानतात. राजाचा सोन्याचा मुखवटा पाहायला रांग लागते, ते स्वाभाविकच आहे; पण त्या चिपेपुढे उभे राहिलेल्या कामगाराला तीन हजार वर्षांपलीकडून कोणीतरी नावाने हाक मारल्यासारखे वाटेल.

चौथा प्रश्न, वस्तू इथे कशी आली? याचे उत्तम उदाहरण मुंबईत भायखळ्याला आहे. राणीच्या बागेतले, आज ज्याला जिजामाता उद्यान म्हणतात तिथले संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडले. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. या संग्रहालयाच्या बाहेर काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. अनेक लोक त्याच्यापाशी छायाचित्र काढतात आणि जातात. नीट पाहिले तर त्याच्या अंगावर सांधे दिसतात. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्यालाच पाहून पोर्तुगीजांनी बेटाचे नाव 'एलिफंटा' ठेवले. १८६४ साली तो उचलून इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत या बागेत आणून ठेवले, आणि १९१४ साली पुन्हा जोडून हत्ती उभा केला. आता सांगा, तो सांधा हत्तीचे वैगुण्य आहे की त्याची कुंडली आहे? बेटाला नाव देणारा हत्ती बेटावर का नाही, हा प्रश्न विचारला की राज्य कोणाचे होते, काय उचलून नेले जात होते आणि काय केवळ यारी मोडल्यामुळे राहिले, हा सारा इतिहास उलगडू लागतो.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. पहिली, पाटीविषयी. आधी वस्तू पाहावी, मग पाटी वाचावी. आधी पाटी वाचली की डोळे समाधान पावतात आणि वस्तू पाहायची राहते. पाटीवर 'अठरावे शतक' लिहिले असेल तर त्याचा अर्थ १७०१ ते १८००, हे मुलांना सांगावे लागते. 'अंदाजे' असा शब्द असेल तर तो तज्ज्ञांचा प्रामाणिकपणा समजावा. कोपऱ्यात एक आकडा असतो, तो नोंदवहीतला क्रमांक. पुष्कळ ठिकाणी त्यात ती वस्तू संग्रहात कोणत्या वर्षी आली हेही गुंफलेले असते. वस्तू आपल्याला फार आवडली तर हा क्रमांक टिपून घ्यावा. पुढे पत्र लिहून चौकशी करायची झाली तर तोच उपयोगी पडतो.

दुसरी, फोनविषयी. आता प्रत्येकाच्या खिशात छायाचित्रे काढण्याचे यंत्र आहे, आणि संग्रहालयात शिरल्यापासून आपण वस्तू यंत्राच्या स्वाधीन करत सुटतो. अमेरिकेतल्या लिंडा हेन्केल या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने याचा प्रयोग केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेऊन काही वस्तूंची छायाचित्रे काढायला सांगितले, काही नुसत्या पाहायला. दुसऱ्या दिवशी विचारले तर छायाचित्र काढलेल्या वस्तू कमी आठवल्या! यंत्राने लक्षात ठेवले, म्हणून मनाने सोडून दिले. मात्र ज्यांनी वस्तूचा एखादाच बारकावा जवळ आणून टिपला, त्यांच्या स्मरणाला ढळ पोहोचला नाही. तेव्हा छायाचित्र काढायचेच तर शेवटी काढा, आणि सबंध दिव्याचे नव्हे, त्या सोंडेच्या आतल्या बाजूचे काढा. त्याहून उत्तम म्हणजे पेन्सिल आणि वही. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. कुलूप काढायला बसले की त्याची किल्ली कुठून आत जाते, हे पाहावेच लागते.

तिसरी, वेळेविषयी. पुष्कळ संग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात, आणि सगळ्यांचा दिवस एक नसतो. आधी चौकशी करून जावे. पोट भरलेले असावे, पायात सोयीची चप्पल असावी. आणि एका भेटीत एकच संग्रहालय.

मुलांना नेताना त्यांच्यावर माहिती ओतू नये. त्यांना एक काम द्यावे: 'आपल्या घरात अजून वापरतो अशी एक वस्तू शोधून काढ', किंवा 'ज्या वस्तूचा उपयोग तुला कळत नाही ती मला दाखव.' मूल मग स्वतःच पुढे पळते, आणि आपण मागून चालतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर दुधात साखर. जात्याच्या खुंट्याला हात कसा धरायचा हे पाटीवर लिहिता येत नाही. आजी हवेत हात फिरवून दाखवते.

आणि संग्रहालयातून बाहेर पडले म्हणजे पाहणे संपले असे नाही. पुण्यातच कसबा पेठेत तांबट आळी आहे. केळकर संग्रहालयात ठोक्यांचे ठसे पाहिले असतील, तर तिथे जाऊन ठोक्यांचा आवाज ऐका. मागणी कमी झाली, घरे कमी झाली, तरी तिथे तांब्यावर हातोडी अजून पडते आहे. काचेमागची वस्तू आणि भट्टीपुढचा माणूस यांची अशी गाठ घालून दिली, तर संग्रहालयाचे सार्थक झाले.

संघटनेचा माणूस असल्यामुळे मागण्या मांडल्याशिवाय मला राहवत नाही. बाहेर पडताना दाराशी अभिप्रायाची वही असते. आपण तिच्यात 'फार छान' लिहून सही करतो. असले अभिप्राय देणाऱ्यालाही विसरायला होतात. त्याऐवजी नेमके लिहावे. अमुक दालनात बसायला बाक हवा. अमुक पाटी इतकी खाली आहे की वाकावे लागते. पाटी शुद्ध आणि सोप्या मराठीत हवी, आणि तिच्यावर वस्तू कशी केली हेही हवे. पुष्कळ औद्योगिक वसाहतींत साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते. पाळीत काम करणाऱ्यांसाठी आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी उशिरापर्यंत दारे उघडी ठेवावीत. हे काही जगावेगळे मागणे नव्हे. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात हेन्री कोल यांनी १८५०च्या दशकातच गॅसचे दिवे लावून संध्याकाळी दारे उघडली, ती दिवसभर राबणाऱ्यांना येता यावे म्हणूनच. दीडशे वर्षांहून जुनी सोय आपण आज मागितली तर कोणी उद्धट म्हणणार नाही. एकाने लिहिले तर वही मिटून ठेवतात; शंभरांनी तेच लिहिले तर वही उघडावी लागते.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतरच्या वर्षांत एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. चाती, माग, भोंगे, हजेरीची पुस्तके, कामगारांचे बिल्ले, यांतले पुष्कळसे भंगारात गेले. माग विकला गेला तेव्हा वजनावर विकला गेला. तुटलेला धागा चालत्या मागावर नजरेच्या पात्यात सांधणाऱ्या बोटांची किंमत त्या वजनात धरलेली नव्हती. इकडे डर्बीला, सात वर्षांच्या हटनला खडावा बांधून जिथे उभे केले होते त्या गिरणीच्या जागेवर, २०२१ साली 'म्युझियम ऑफ मेकिंग' म्हणजे घडवण्याच्या कलेचे संग्रहालय उघडले. गिरणी बंद झाली तरी गिरणीतले कसब लोकांपुढे ठेवता येते, हे त्यावरून दिसते.

आपल्याला संग्रहालय उभारता येईल असे मी म्हणत नाही. पण माळ्यावर पडलेली आजोबांची हत्यारपेटी, आजीचा मठारलेला हंडा, वडिलांचा कारखान्यातला बिल्ला, ही दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी तिला हेच चार प्रश्न विचारता येतील. उत्तरे जाणणारी माणसे घरात अजून असतील तर ती लिहून घेता येतील: वस्तू कशाची, कोणी केली, कोणी वापरली, आपल्याकडे कशी आली. एका चिठ्ठीवर एवढे लिहून ती वस्तूला बांधून ठेवली, की ती वस्तू अडगळ राहत नाही. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाने याहून अधिक काय केले होते? त्याने चाळीस कष्टकऱ्यांची नावे लिहिली आणि कोणाला विंचू चावला तेवढे टिपून ठेवले.

या सुट्टीत पुण्या-मुंबईला गेलात तर एक सकाळ मोकळी ठेवा. पाचच वस्तू पाहा. कोणी विचारले, 'काय पाहिलेत?' तर 'एक दिवा पाहिला, त्याला कुठेही जोड नव्हता' असे सांगता येऊ द्या. आणि तो कसा केला असेल, हे विचारणाऱ्याला समजावून सांगा.